जा, पण आधी बोली करून जा

वाचकाचं पत्र

“ताई, नमस्कार. आम्ही वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझं वय ६१, यांचं ६८. घरचा पाच एकर संत्र्याचा बगीचा आहे, मृग बहार घेतो. बाकी वावरात कपाशी अन् तूर. मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरीला आहे. सूनही नोकरी करते. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर आहे, ती रजा येत्या उन्हाळ्यात संपते. नात चार वर्षांची. नातू दहा महिन्यांचा, त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही, मोबाइलवरच पाहतो.

मुलगा म्हणतो, तीन महिने या. मधे दहा दिवस सुट्टी काढतो, सगळे मिळून पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम करू, जमलं तर लंडन. मला जायची फार इच्छा आहे. हे नाही म्हणतात. ‘बगीचा कोन पाह्यीन? अन् तिथं मी दिवसभर करू काय, भितीकडे पाहू?’ यांना बीपी अन् शुगरच्या गोळ्या चालू आहेत, माझे गुडघे दुखतात. दोघांनाही इंग्रजी येत नाही. हे माळकरी आहेत, बाहेरचं खात नाहीत. सुनेशी माझं वाकडं नाही, पण सलग आठ दिवसही आम्ही एका घरात राहिलेलो नाही. शेजारीण म्हणाली, ‘बाई, तुले पोट्टे सांभाळाले बलावलं हाय, फिराले नाई.’ तेव्हापासून तेच डोक्यात फिरतं. जावं का? अन् जायचं तर कसं जावं?”

— एक आजी, वरूड तालुका

काकू, नमस्कार.

जा. काकांनाही घेऊन जा. पण मुलाने आखलेला कार्यक्रम जसाच्या तसा घेऊ नका. तीन महिने नको, दहा दिवसांत चार देश नको, आणि घरातल्या कामाचं बोलणं झाल्याशिवाय तिकीटही नको.

शेजारणीचं बोलणं मनाला लागलं, ते लागण्यासारखंच होतं. सुनेची रजा संपायच्या वेळेला बोलावणं आलंय, म्हणजे मदतीची अपेक्षा असणारच. मला त्यात वावगं काही वाटत नाही. तुमची लेकरं लहान होती तेव्हा घरात सासू होती, जाऊ होती, नाहीतर शेजारची कुणीतरी घटकाभर लेकरू कडेवर घेत होती. तिकडे दोघांच्या नोकऱ्या, दोन लेकरं, आणि जिन्यात भेटणारा शेजारी नमस्कारापुरता. अशा घरातून आईवडिलांना हाक जाते तेव्हा तिच्यात माया आणि गरज दोन्ही असतात. ती वेगवेगळी काढत बसू नका.

घर बिघडतं ते न बोललेल्या अपेक्षेने. सुनेला वाटतं, आई आपणहून हात लावतील. तुम्हाला वाटतं, ती म्हणेल तेव्हा करू. मग एक दिवस भाकरी तुम्ही थापल्या म्हणून तिला आपल्या स्वयंपाकघरात परकं वाटतं, दुसऱ्या दिवशी थापल्या नाहीत म्हणून ती दमून गप्प बसते. तिसऱ्या आठवड्यात दोघी अबोल आणि मुलगा मधे.

पाडव्याला सालदार ठेवताना काका काय करतात? साल किती, धान्य किती, सणाला सुट्टी किती, सगळं चार माणसांत बोलून घेतात, आणि म्हणूनच वर्ष निभतं. पोटच्या पोराशी असं बोलायला मात्र आपल्याला संकोच होतो. या वेळी तो संकोच बाजूला ठेवा. व्हिडिओ कॉलवर मुलगा आणि सून दोघं समोर असताना बोला, एकट्या मुलाशी नको. सुनेला नवऱ्याकडून ‘आई असं म्हणाली’ हे ऐकावं लागलं की अर्धा अर्थ वाटेतच बदलतो.

काय बोलायचं तेही सांगते. तुम्ही कोणती कामं आनंदाने कराल ते तुम्हीच आधी सांगा: सकाळचा नाश्ता, नातवाला न्हाऊ घालणं, संध्याकाळी नातीला गोष्टी. कोणती झेपणार नाहीत तेही सांगा. गुडघे दुखत असतील तर दहा किलोचं लेकरू घेऊन जिने चढणं तुमच्याकडून होणार नाही, हे आत्ताच कळू द्या. आठवड्यातले दोन दिवस तुमचे आणि काकांचे, त्या दिवशी लेकरांची जबाबदारी त्यांची. आणि सुनेला विचारा, “तुला माझ्याकडून काय हवंय, अन् काय नकोय?” दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका. माझ्या मते तोच जास्त कामाचा आहे.

एका गोष्टीवर अडून राहा. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही लेकरं घेऊन दिवसभर तुम्ही दोघंच घरी, असं होऊ देऊ नका. हा मायेचा प्रश्न नाही. तिथल्या बहुतेक घरांचं दार नुसतं ओढलं तरी लागतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचऱ्याची पिशवी ठेवायला आजी जिन्यात आली, वाऱ्याने दार लागलं, बाळ आत, किल्ली आत, आणि समोरच्याला सांगायला भाषा नाही. किल्ली गळ्यात किंवा कमरेला अडकवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. मोबाइलमध्ये ११२ हा नंबर घालून ठेवा, अपघात किंवा गंभीर आजारासाठी तो सगळ्या युरोपीय संघात चालतो. जीवावरचं नसलेलं, पण रात्रीबेरात्री दुखणं निघालं तर जर्मनीत डॉक्टरसाठी ११६११७. घराचा पत्ता जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात आणि खाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून, तो कागद भिंतीवर लावायला मुलाला सांगा.

बाळाच्या बाबतीत सुनेच्या डॉक्टरने सांगितलेलं चालू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावायचं नाही, त्यातल्या जंतूंनी एवढ्या लहान बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. घुटी उगाळायच्या आधी विचारा. मालिश मात्र जरूर करा, आजीच्या हातची मालिश त्याला दुसरं कोण देणार?

सुनेची रजा संपताना बाळ पाळणाघरात जाणार असेल, तर तेच तुमच्या जाण्याचं खरं निमित्त धरा. जर्मनीत लेकराला पहिल्या दिवशी दारात सोडून निघून येत नाहीत. आई किंवा बाप काही आठवडे रोज थोडा थोडा वेळ सोबत बसतो, मग हळूहळू बाहेर पडतो. त्या काळात सूनबाई तासन् तास तिकडे अडकते आणि घरात नातीला, चुलीला माणूस लागतं. तुमची मदत तिथे सगळ्यांत जास्त पोचेल, आणि ती मोजक्या दिवसांची असेल.

आता दिवसांचं. बगीचा कोण पाहील, हा काकांचा प्रश्न टाळाटाळीचा नाही. पण उत्तरही त्यांच्याच बगीच्यात आहे. मृग बहाराची तोड फेब्रुवारी-मार्चपर्यंत होऊन जाते. पाडव्याला सालदाराचं नवं साल ठरतं. एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर असते, पाणी तोडलेलं असतं, आणि मृग लागतो ७ जूनच्या आसपास. म्हणजे वर्षभरात काकांना घर सोडता येईल असे हेच दिवस आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघा, मेच्या शेवटी परत या. सहा-सात आठवडे होतात. ताण कधी तोडायचा, मशागत, शेणखत, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होईल. आंबिया बहार घेणाऱ्याला मी हे सांगितलं नसतं, त्याची फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात आणि पाणी चुकलं की गळ लागते. निघण्याआधी पीक कर्जाचं काम उरकून घ्या आणि काकांचं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

तीन महिन्यांच्या हिशेबात आणखी एक खड्डा आहे. पाहुण्यांच्या व्हिसावर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. १० एप्रिल ते १० जुलै बोटांवर मोजा, ९२ होतात. मुदत ओलांडली तर पुढच्या वेळी व्हिसा मागताना ते आडवं येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे काही चालत नाही. पण कायदा नसता तरी मी सहा-सात आठवडेच सांगितले असते. पहिल्याच वेळी, ज्या सुनेसोबत आठ दिवस राहिलेलो नाही तिच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात तीन महिने ही दोन्ही बाजूंची परीक्षा आहे. एकमेकींची ओढ असतानाच निघालात तर पुढच्या वर्षीचं बोलावणं सून स्वतः करेल.

काकू, पुढचा भाग काकांना वाचून दाखवा.

काका, तुम्ही विचारलंत, दिवसभर करू काय. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याने आभाळ असं झाकोळलं की १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. स्टुटगार्ट ज्या वुर्टेमबर्ग राज्याची राजधानी होतं, तिथे पिकं हातची गेली, लोकांची उपासमार झाली, हजारो कुटुंबं देश सोडून गेली. तिथला राजा पहिला विल्हेल्म याने १८१८ मध्ये शेती शिकवणारी आणि शेतीचे प्रयोग करणारी संस्था काढली. ती स्टुटगार्टच्या हद्दीतच, होहेनहाइमला. आज ते विद्यापीठ आहे. राजवाड्यात कचेऱ्या आणि वर्ग, भोवती शेकडो जातींच्या झाडांच्या बागा, त्या कुणालाही फिरायला खुल्या आहेत. जुन्या नांगरांपासून ट्रॅक्टरपर्यंत अवजारांचं एक मोठं संग्रहालयही तिथेच आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून आले, देशाचे कृषिमंत्री झाले, आणि १९६९ मध्ये अकोल्यात निघालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं. शेतकऱ्याने बाहेरची शेती पाहू नये असं आपल्याकडे कधीच नव्हतं.

शहरातल्या शहरातच नेकार नदीच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेले द्राक्षमळे आहेत. ताली कशा घातल्यात, पाणी कुठून काढून दिलंय, ते तुम्हाला मुलापेक्षा जास्त कळेल. नातीला बोटाला धरून तिथे न्या आणि तिला सांगा. चार वर्षांच्या पोरीला आजोबा काय करतात हे आजवर फक्त फोनच्या चौकटीत दिसलंय. तुम्ही एखाद्या झाडाची फांदी हातात घेऊन डोळा कुठे फुटेल ते तिला दाखवाल, त्याची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. आणखी एक, मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्या गावाला आपलं अगदीच वावडं नाही.

आता दहा दिवसांच्या फेरीबद्दल. मुलाला वाटतंय, आईवडील एवढ्या लांब येणार, तर सगळं दाखवावं. त्याचा हेतू सोन्यासारखा आहे, पण आखणी चुकली आहे. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो, शेंगेनचा तिथे चालत नाही, म्हणून ते नाव आजच काढून टाका. पॅरिस-रोम म्हणजे रोज नवं हॉटेल, रोज सामान बांधणं, तासन् तास उभं राहणं. त्यात गंमत अशी की दहा महिन्यांचं बाळ आणि ६८ वर्षांचे आजोबा यांचं घड्याळ जवळपास एकच असतं. दोघांना वेळेवर जेवण लागतं, दुपारी आडवं व्हावं लागतं, दर दीड तासाने थांबावं लागतं. या दोघांच्या चालीने चाललं तर प्रवासात सगळे सुखी राहतात. मुलाच्या चालीने चाललं तर बाळ रडतं, काकांची शुगर उतरते आणि सून दोन्हीकडे धावते.

गाडीचंही गणित करून पाहा. जर्मनीत १२ वर्षांच्या आतल्या, दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकराला गाडीत त्याच्यासाठीचं खास आसन लागतंच. आजीच्या मांडीवर बसवून नेता येत नाही, दोन गल्ल्या पुढे जायचं असलं तरी. म्हणजे दोन लेकरांची दोन आसनं आणि चार मोठी माणसं. साध्या पाच जणांच्या गाडीत हे बसत नाही. मोठी गाडी भाड्याने घ्या, नाहीतर रेल्वेने जा. मला रेल्वे बरी वाटते, बाळाला घेऊन उठता-बसता येतं आणि शौचालय जवळ असतं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांसाठी महिनाभराचा ‘डॉइचलांड टिकेट’ पास आहे, २०२६ पासून तो ६३ युरोंना मिळतो. त्यावर देशभरातल्या ट्राम, बस आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्या चालतात, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. मुलाला मे महिन्याचे दोन पास काढायला सांगा, तुमचं सगळं गावफिरणं त्यात होईल.

फेरी एकच करा, चार-पाच दिवसांची, आणि एकाच घरी मुक्काम. मला विचाराल तर बोडनसे सरोवराचा काठ. स्टुटगार्टहून रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया असे तीन देश या एका सरोवराच्या काठावर आहेत. तिथे सुट्टीसाठी भाड्याने घरं मिळतात. घर तळमजल्यावरचं पाहा, स्वयंपाकघर असलेलं. काकांच्या जेवणाचा प्रश्न तिथेच सुटला, पीठ सोबत न्या आणि सकाळी भाकरी-झुणका बांधून घेऊन निघा. तिकडच्या हॉटेलात ‘मांस नाही’ एवढंच अर्धवट सांगून भागत नाही. त्या भागातलं प्रसिद्ध माउलटाशन दिसायला करंजीसारखं, पण आत बहुतेक वेळा मांसाचंच सारण असतं. शाकाहारी म्हणजे काय, ते मुलाने प्रत्येक ठिकाणी स्वच्छ विचारावं.

सरोवराच्या जर्मन काठाला मैलोगणती सफरचंदाच्या बागा आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बागांवर गारपिटीपासून वाचवायला जाळ्या ताणलेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीने संत्र्याचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याने त्या जाळ्यांखाली अर्धा तास उभं राहावं. माइनाऊ नावाचं फुलांचं बेट आहे, तुम्ही दोघी सासू-सुना तिथे रमाल, बाबागाडी जाते. स्वित्झर्लंड पाहायचाच असेल तर तिथून शाफहाउझेनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा एका दिवसात होतो. उंची जेमतेम २३ मीटर, पण रुंदी दीडशे मीटर, आणि उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळायला लागला की पाणी दणाणून येतं. स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या जुंगफ्राउयोख स्टेशनचं नाव मुलाने काढलं असेल, सगळेच काढतात. ते ३,४५४ मीटरवर आहे, आपल्या चिखलदऱ्याच्या तिप्पट उंच. बीपीचा माणूस आणि दहा महिन्यांचं बाळ घेऊन तिथे जाऊ नका. खिशात ५० सेंट आणि एक युरोची सुटी नाणी ठेवा, रस्त्याकडेच्या शौचालयांना पैसे पडतात. शौचालयात पाणी नसतं, कागद असतो. प्रवासात पाण्याची एक रिकामी बाटली जवळ असू द्या.

कागदपत्रांचं काम आजपासून लावा, वेळ त्यातच जातो. पासपोर्ट नसेल तर आधी तो. आधारवर नावाला ‘बाई’ लागलेलं, सातबाऱ्यावर नुसतं नाव, आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते व्हिसाच्या खिडकीवर लक्षात येण्यापेक्षा आत्ता दुरुस्त करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत जातात. बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागतं, अर्जाची फी माणशी ९० युरो. मुलाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढायचं असतं, तुमचा राहण्याचा-दुखण्याचा खर्च मी करीन असं. त्या कार्यालयाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याला आत्ताच कामाला लावा. तुमच्याकडून बघितलं जातं ते हे, की माणसं परत येणार ना. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे काकांकडे विवरणपत्र नसेल तर घाबरू नका. सातबारा, आठ-अ, संत्रा विकल्याच्या पट्ट्या, बँकेचं पासबुक, यांची इंग्रजी भाषांतरं करून जोडा. बगीचा ही तुमची परत येण्याची सगळ्यांत भक्कम खूण आहे.

प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो सक्तीचा आहे. त्यावर थांबू नका, जास्तीचा घ्या. अर्जात काकांचा बीपी आणि शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास पॉलिसीत धरलाय का, ती एक ओळ एजंटकडून बोट ठेवून दाखवून घ्या. हमीपत्रामुळे रुग्णालयाचं बिल शेवटी मुलाच्या गळ्यात पडू शकतं. दात दुखत असेल तर निघण्याआधी काढून घ्या किंवा भरून घ्या. गोळ्या सगळ्या दिवसांच्या आणि वर दहा दिवसांच्या, मूळ पाकिटातच, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. तिथे बीपीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागा, तिला वेगळे पैसे लागत नाहीत. गुडघ्यांसाठी तर ती हवीच, पण भाषेसाठी त्याहून हवी. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला तपासणीच्या रांगांतून बरोबर दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. मानापमान मनात आणू नका.

आणि पेटी. काकांना वाटणार, घरच्या बागेतली दहा-वीस संत्री न्यावी. नेता येत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून फळं, पानं, बी-बियाणं न्यायला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटली आहेत. कढीपत्ता, ताजा सांबार म्हणजे कोथिंबीर, अंबाडीचं बी, सगळं त्याच नियमात. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीच चालत नाही. जवसाची चटणी, कुरडया, ज्वारीच्या पापड्या, मुगवड्या, भिवापुरी तिखट, हळद, हे खुशाल भरा, नीट बांधून आणि मोठ्या पेटीत. एप्रिलमध्ये तिथे थंडी असते, कधी हिमही पडतं. पायमोजे, बंद बूट आणि आतून घालायचे गरम कपडे दोघांना घ्या. मेमध्ये रात्री नऊला सूर्य मावळतो, आणि रविवारी दुकानं बंद असतात. लेकरांना घेऊन बागेत जायला तोच दिवस चांगला.

पैशाचं थोडक्यात. तिकीट आणि विमा मुलाला काढू द्या. काकांना ते रुचत नसेल तर बोडनसेच्या घराचं भाडं त्यांनी द्यावं. संत्र्याच्या पैशाने सुनेला आणि नातवंडांना चार दिवस कुठे नेलं, याचा त्यांना आनंद होईल आणि सुनेलाही ते लक्षात राहील.

या रविवारी फोन लावा. आधी सुनेला विचारा, बाळाचं पाळणाघर कधी सुरू होतंय. तिने तारीख सांगितली की त्याच्या पंधरा दिवस आधीचा मुहूर्त धरा आणि तीन महिन्यांऐवजी सात आठवडे का, ते काकांना त्यांच्या तोंडून सांगू द्या. मुलगा थोडा हिरमुसेल. पॅरिस पुढच्या वेळी, असं त्याला सांगा. तारीख मृगाच्या अलीकडे बसतच नसेल तर मला पुन्हा लिहा, मग दिवाळीनंतर तूर-कपाशी कुणाच्या भरवशावर सोडायची ते आपण वेगळं बघू.